वहीच्या पलीकडचा अभ्यास, आणि तो बघणारं घर

नाशिकच्या सातपूरला शिकवते मी, चौथीला. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील एमआयडीसीत शिफ्टला असतात, पालकसभेला येणं जमतच नाही त्यांना, मग मुलाने वर्षभर काय केलं ते कळायचं फक्त मार्कांवरून. म्हणून सीसॉ नावाच्या ॲपवर प्रत्येकाचा डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे वर्षभराच्या कामाचा संग्रह, सुरू केला. मुलं स्वतः फोटो टाकतात, चित्र काढतात, आवाज रेकॉर्ड करतात आणि घरच्यांना फक्त आपल्याच मुलाचं काम दिसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण ग्रुपवर टाकलं की लगेच तुलना सुरू.

एका मुलीने दिंडोरीच्या आजोबांच्या द्राक्षबागेचं चित्र टाकलं आणि खाली बोलली, एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हायला आणि ऑक्टोबरची घड यायला. आजोबांनी ऐकून व्हॉइस कमेंट केली, "बरोबर बाळा, पण काडीवर डोळे किती ठेवायचे ते सांगितलंच नाहीस!" डोळे म्हणजे काडीवरच्या कोंब फुटायच्या जागा. मग काय, तिने त्यांनाच फोन करून विचारलं आणि दुसरं रेकॉर्डिंग टाकलं, आधीच्यापेक्षा कितीतरी सविस्तर. हे माझ्या लाल पेनाने झालं नसतं हो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतीपत्रकात मुलाने स्वतःचं मूल्यमापन करणंही आहे. पण त्यासाठी जुनं काम समोर पाहिजे ना. जूनचं वाचन आणि दिवाळीनंतरचं वाचन लागोपाठ ऐकवा, मूल स्वतःच सांगतं कुठे अडखळायचो ते.

फक्त सगळंच टाकू नका, काय ठेवायचं ते मुलांनाच निवडू द्या आणि का निवडलं तेही विचारा.