आमची वाटचाल: वेणीचा स्वेटर आणि एक उलटा पीळ

नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, तिथे आम्ही सुरू केलं. आता वाड्याच्या जागी इमारत आहे आणि आम्ही तिच्या पहिल्या मजल्यावर. काम मात्र तेच, हातविणीचे स्वेटर आणि त्यातही वेणीचे, म्हणजे विणीतच वेणीसारखी उठावाची नक्षी असलेले पुलओव्हर. मशीन आम्ही कधी घेतलं नाही, घेणारही नाही.

१९९१ साली मी आणि माडीवरच्या काकू, अशा दोघीच होतो. आठ आणि दहा नंबरच्या सुयांचे चार जोड, लुधियानाची लोकर आणि काकूंची काडी, एवढंच भांडवल. ही काडी सायकलच्या स्पोकची. वेणी फिरवताना तीन टाके तिच्यावर उतरवून ठेवायचे. वाड्यासमोरच्या सायकलवाल्यानं तुकडा कापून, मधे किंचित वाकवून, दोन्ही टोकं कानशीनं घासून दिली होती. मग काकूंनी पॉलिश पेपर घेऊन दोन दुपारी घालवल्या, लोकरीचा एक तंतू अडकेनासा होईपर्यंत. मधला तो बाक फार महत्त्वाचा, नाहीतर टाके सटकतात. प्लास्टिकच्या मिळतात त्या बोटांना जाणवतच नाहीत.

काकूंची वेणी सहा टाक्यांची, दोन्हीकडे दोन-दोन उलटे टाके, दर आठव्या ओळीला पीळ, म्हणजे तीन टाके काडीवर घेऊन उरलेल्या तिनांशी त्यांची अदलाबदल. काडीवरचे टाके पुढे धरले तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरले तर उजवीकडे. शिकणाऱ्या मुलींना मी आजही सांगते, बॉर्डर संपली की टाके वाढवा. वेणी वीण आत ओढते, आणि टाके न वाढवलेला स्वेटर अंगात शिरतच नाही. लोकर साध्या स्वेटरपेक्षा पाव हिस्सा तरी जास्त घ्या आणि सगळी एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्या. नंतर आणलेला गुंडा दुकानाच्या उजेडात जुळतो, अंगावर आल्यावर बाहीचा रंग वेगळा दिसतो.

काम वाढत गेलं, अकरा बायका विणू लागल्या. २०१६ पर्यंत सांगण्यासारखं एवढंच.

त्या वर्षी जूनमध्ये लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानदारांनी चाळीस पुलओव्हरची ऑर्डर दिली. नमुना त्यांना लगेच हवा होता. तो मीच विणला, घाईत. डाव्या बाहीवर कोपराच्या वर एका ठिकाणी टाके पुढे धरायचे ते मी मागे धरले. एकच पीळ उलटा. काकूंनी लांबूनच पाहिला आणि म्हणाल्या, "उसव." उसवायचं म्हणजे दोन दिवस गेले असते. मी तसाच दिला. खरी ऑर्डर विणताना मात्र प्रत्येक बाही काकूंनी तपासली.

एका पुलओव्हरला साठ-सत्तर तास लागतात. दिवाळीनंतर सव्वीस नग तयार होते. ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटा बंद झाल्या. दुकानदार म्हणाले, रोकड नाही, माल नंतर बघू. बायकांची मजुरी द्यायची होती, घरात होत्या त्या पाचशे-हजाराच्या नोटा, आणि चौघींची बँकेत खातीच नव्हती. मी समजून घेतलं. सगळेच अडकले होते.

डिसेंबरमध्ये त्याच दुकानाच्या काचेत आमचा पुलओव्हर दिसला. पाटी होती "हातविणीचा", किंमत आमच्या निम्मी. आत जाऊन डावी बाही पाहिली. उलटा पीळ तिथेच होता. दुसरा नग काढला, त्यावरही. सगळ्या नगांवर, कोपराच्या वर, त्याच जागी. आमचा नमुना मशीनवर चढवला होता, चुकीसकट. शिवण उलटून पाहिली तर काठ कापून ओव्हरलॉक मारलेले, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीननं शिवलेले. हातविणीत काठ कापायची वेळच येत नाही, प्रत्येक भाग मापातच घडतो. तुम्हीही घेताना आतली शिवण बघत जा.

मी काही बोलू शकले नाही. घरी येऊन बोलले, काकूंना. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, हे मी विसरणार नाही.

तगलो ते एरंडवण्याच्या सरांमुळे. निवृत्त प्राध्यापक, १९९४ पासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या करड्या पुलओव्हरचा गळा आम्ही दोनदा नव्यानं विणला आहे, कोपरं एकदा. त्यांना कळलं तेव्हा ते चेकबुक घेऊनच आले, तीन नग घेतले आणि वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना माझ्या जिन्यापर्यंत आणलं. संक्रांतीपर्यंत सव्वीसच्या सव्वीस गेले. काकूंनी त्या चौघींची खाती उघडून दिली आणि मजुरी पूर्ण दिली, एक रुपया न कापता.

लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नका, वेण्या चपट्या होतात. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि चटईवर आडवा वाळवा. सरांचा पुलओव्हर असाच इतकी वर्षं टिकला. या थंडीत त्याच्या मनगटाच्या पट्ट्या बदलायच्या आहेत, करडी लोकर आणून ठेवली आहे.

काकू आता विणत नाहीत, डोळे साथ देत नाहीत. काडी माझ्याकडे असते. माझा तो नमुना दुकानदारांनी अजून परत केलेला नाही.