लाकूडतोड्याच्या गावाला

आप्पांना येऊन दोन महिने झाले होते आणि त्यांना दाखवण्यासारखं आमच्याकडचं सगळं संपलं होतं. देऊळ झालं, मॉल झाला, समुद्र झाला. वॉशिंग्टनचे सगळे पुतळे बघून "बरं हाय" एवढाच शेरा मिळाला. चौतीस वर्षं एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून काढलेल्या माणसाला पुतळे दाखवायला नेलं, ही चूक माझीच. ऑफिसातला एक रेसवेडा म्हणाला, "वडिलांना स्टुअर्टला ने. वुड ब्रदर्सकडे." वुड ब्रदर्स म्हणजे नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यतींतली जुनी घरगुती टीम, आणि व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावात तिचं संग्रहालय आहे.

ऑक्टोबरातली सकाळ. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या कॅरीहून ग्रीन्सबरो आणि तिथून 220 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला. व्हर्जिनियाची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात रिजवेला मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक लागतो. 1947 पासूनचा. एक फेरी अर्ध्या मैलाहून जरा मोठी, आकार कागदाला लावायच्या पिनेसारखा, सरळ भाग डांबरी आणि वळणं काँक्रीटची. इथे जिंकणाऱ्याला चषकाऐवजी माणसाएवढं लंबकाचं घड्याळ देतात, कारण हा भाग फर्निचरवाल्यांचा आणि घड्याळवाल्यांचा. स्टँड रिकामे होते. आप्पांनी काच खाली करून बघितलं आणि विचारलं, "पाचशे फेऱ्या मारून परत हितंच येत्यात?" रेसिंगबद्दल माझंही मत तोवर फारसं वेगळं नव्हतं.

मार्टिन्सव्हिलहून 58 नंबरचा रस्ता पश्चिमेला वळतो आणि हळूहळू डोंगर अंगावर येऊ लागतात. स्टुअर्ट म्हणजे ब्लू रिजच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. वस्ती दीड हजाराच्या आतली. या डोंगरांतलं लाकूड तोडून विकणारा ग्लेन वुड नावाचा तरुण 1950 मध्ये रेसिंगमध्ये उतरला. त्याला टोपणनावच पडलं 'वुडचॉपर'. आपल्या गोष्टीतल्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड नदीत पडते आणि देवी त्याला सोन्याची काढून देते. या लाकूडतोड्याने मित्राबरोबर पन्नास डॉलरला जुनी फोर्ड घेतली आणि पहिल्याच रेसमध्ये ती ठोकली. मागचा ॲक्सल वाकला. तशीच ओढून घरी आणताना तो तुटला, चाक निखळलं, पेट्रोल सांडलं आणि गाडीने पेट घेतला. आप्पा खो-खो हसले. आगारात असं काय काय जळलेलं त्यांनी पाहिलंय ते मला पुढचे वीस मिनिटं ऐकावं लागलं.

संग्रहालय म्हणजे एक मोठी शेड. आत रांगेने लाल-पांढऱ्या गाड्या, बहुतेकींच्या दारावर 21 चा आकडा. सगळ्या फोर्ड घराण्यातल्या. पंचाहत्तर वर्षांत या टीमने दुसऱ्या कंपनीचं तोंड बघितलेलं नाही. भिंतीवर फोटो, कपाटात चषक. मी गाड्या बघत पुढे गेले. आप्पा दिसेनात. मागे वळून बघते तर ते एका खेळण्यासारख्या गाडीपुढे उकिडवे बसलेले.

ग्लेनचा धाकटा भाऊ लेनर्ड. त्याने तेराव्या वर्षी भंगारातून ही चार चाकांची गाडी बनवली आणि तिला धुलाई यंत्राचं इंजिन बसवलं. वीज न पोचलेल्या खेड्यांसाठी तेव्हा पेट्रोलवर चालणारी धुलाई यंत्रं मिळत. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून खालचा सांधा बघत होते. बराच वेळ. मग मला म्हणाले, "ह्याला कुणी शिकवलं नसणार. शिकवलेलं असतं तर असं केलं नसतं." ही स्तुती होती, हे कळायला मला त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढावी लागली आहेत.

लेनर्ड नव्वदी ओलांडूनही इथल्या वर्कशॉपात येतात असं ऐकलं होतं. त्या दिवशी नव्हते. आप्पांना ते फार लागलं.

या टीमचं खरं कर्तृत्व गाडी थांबलेली असताना घडलेलं आहे. पन्नासच्या दशकात रेसमध्ये टायर बदलायला, पेट्रोल भरायला गाडी आली की ड्रायव्हर खाली उतरायचा, सिगरेट ओढायचा. पोरं निवांत नट खोलायची. वुड भावांच्या लक्षात आलं, की ट्रॅकवर जो सेकंद कमवायला इंजिनाचा जीव काढावा लागतो, तो इथे फुकट सांडतोय. मग कोण कुठून धावणार, कुणाच्या हातात काय, हे ठरलं. डिलानो नावाचा भाऊ जॅकवर. जॅकही घरी सुधारलेला, हलका, दांडा एक-दोनदा दाबला की गाडी वर. आप्पांनी यावर मान डोलावली आणि आमच्या आगारातला जॅक किती वेळा हाणावा लागायचा, त्याचा हिशेब काढला. हल्ली सगळ्याच टीम अशी कवायत करतात. 2022 पासून तर चाकाला पाचाऐवजी एकच मधला नट आहे. "मग त्यात काय राहिलं," आप्पा म्हणाले.

भावांची ही ख्याती फोर्डच्या कानावर होती. 1965 च्या इंडियानापोलिस 500 या शर्यतीला त्यांना बोलावणं आलं, स्कॉटलंडच्या जिम क्लार्कची लोटस सांभाळायला. इंजिन फोर्डचं, बाकी सगळं इंग्रजांचं. यांनी आयुष्यात तसली गाडी हाताळलेली नाही. आदल्या वर्षीच्या रेसमध्ये लागलेल्या आगीत दोन ड्रायव्हर दगावले होते, म्हणून नियम बदललेले: किमान दोनदा थांबायचं आणि इंधन दाबाने भरायचं नाही, उंच टाकीतून आपसूक वाहील तेवढंच. लेनर्डने वाहण्याच्या वाटेवरच्या खरबरीत कडा घासून साफ केल्या. एवढंच. नरसाळ्याच्या तोंडाशी डिझेल कुठे अडतं हे आप्पांना ठाऊक होतं, त्यामुळे इथे मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. दोन्ही थांबे मिळून एक मिनिटही लागलं नाही. टाकी इतक्यात भरलीच नसणार, असं बघणाऱ्यांना वाटलं. क्लार्क दोनशेपैकी एकशे नव्वद फेऱ्या पुढे राहून जिंकला. इंजिन मागे असलेल्या गाडीचा तिथला तो पहिला विजय.

जिंकण्याच्या गोष्टी इथे भिंतभर आहेत, सगळ्या सांगत बसत नाही. दोन मात्र आप्पांनी मला पुन्हा वाचायला लावल्या. 1963 मध्ये टीमचा ड्रायव्हर मार्व्हिन पँच फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवर सराव करताना दुसऱ्याच एका पेटत्या गाडीत अडकला. त्याला बाहेर ओढणाऱ्यांत टायनी लुंड नावाचा ड्रायव्हर होता. नाव टायनी, म्हणजे इवलासा. अंगाने चांगला पैलवान. इस्पितळातून पँचने भावांना सांगितलं, माझी गाडी त्याला द्या. आणि लुंड टायरचा एकच संच वापरून, बाकीच्यांपेक्षा एकदा कमी थांबून डेटोना 500 जिंकला.

दुसरी 1976 ची, तिथलीच. शेवटच्या वळणावर टीमचा डेव्हिड पिअर्सन आणि प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी एकमेकांना धडकले, दोघेही भिंतीवर. पेटीची गाडी अंतिम रेषेच्या अलीकडे गवतात बंद पडली. पिअर्सनने त्या गरगरण्यातही क्लच दाबून धरला होता, त्यामुळे इंजिन चालू राहिलं. चेपलेली गाडी बैलगाडीच्या चालीने रेषेपार गेली आणि जिंकली.

"क्लच," आप्पा म्हणाले. बस. पुढच्या गाडीकडे गेले.

ग्लेन 2019 मध्ये वारले. कारभार त्यांच्या मुलांकडे, एडी, लेन आणि किमकडे, आणि आता नातवंडांकडेही. रेसच्या गाड्या इथे बनत नाहीत, ते काम कधीच शार्लटकडे गेलं. बड्या पेन्स्के टीमशी तांत्रिक भागीदारी आहे. नव्व्याण्णवावा विजय 2017 ला मिळाला आणि शंभरावा थेट 2024 च्या ऑगस्टात, डेटोनाला, हॅरिसन बर्टन या ड्रायव्हरकडून. त्याची जागा पुढच्या मोसमासाठी दुसऱ्याला दिल्याचं त्याआधीच जाहीर झालं होतं. मला तो बर्टन बिचारा वाटला. आप्पांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "पंचाहत्तर वर्षं आणि वाटण्या न्हाईत?" त्यांनी मला विचारलं. तिथल्या बाईंना हे इंग्रजीत कसं विचारावं ते मला सुचलं नाही. आमच्या घरी अडीच एकरासाठी दोन काका बोलत नाहीत.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो. मी कार्ड घासलं, ते चाललं नाही, आत जाऊन पैसे दिले, येताना कॉफी घेतली, काच पुसली. गाडीत बसले तर आप्पा मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"अकरा मिनटं," ते म्हणाले. "आनि टायरला हातबी लावला न्हाईस."