ऑक्सिजन सेन्सर खरं तेच सांगत होता

"सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." जुन्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) गाडीला पेट्रोलचा वास येतोय, अ‍ॅव्हरेज पडलंय, पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेबाहेर जातोय असं सांगितलं की स्कॅनर लागतो, त्यावर पी0172 दिसतो आणि हे वाक्य ठरलेलं. मलाही तेच ऐकवलं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा नवा ऑक्सिजन सेन्सर बसला आणि कोड पुन्हा हजर! पी0172 म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. ते कुठून येतंय हे त्या कोडात नसतं. सेन्सर नुसता निरोप्या.

पेट्रोल येत होतं प्रेशर रेग्युलेटरमधून, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागातून. हा डबीसारखा भाग बहुतेक जुन्या गाड्यांत इंजेक्टरच्या रेलच्या टोकाला असतो आणि त्याची एक बारीक रबरी नळी इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला जाते. (काही गाड्यांत तो टाकीतच असतो, तिथे ही नळी नसते.) आतला रबरी पडदा (डायफ्रॅम) फाटला की इंजिन त्या नळीतून पेट्रोल थेट ओढून घेतं. खाली थेंब पडत नाही, म्हणून गॅरेजवाला छातीठोकपणे सांगतो, "लीकेज नाहीये साहेब."

तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत, याचाच राग येतो. इंजिन थंड आणि बंद असताना ती नळी रेग्युलेटरकडून काढून हुंगायची. ओली असेल किंवा पेट्रोलचा ठसठशीत वास असेल तर निकाल लागला. खात्री हवी असेल तर नळी परत लावून गाडी गरम होऊ द्या आणि आयडलवर (रेस न देता, इंजिन नुसतं चालू ठेवून) ती कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबा. सेन्सरच्या सिग्नल वायरवर 0.8-0.9 व्होल्टला चिकटलेला आकडा थोड्या वेळात 0.1 ते 0.9 मध्ये खालीवर नाचायला लागला, तर सेन्सर जिवंत आहे. नळी चिरलेली असेल तर मात्र दाबायला जाऊ नका. प्रेशर गेज मिळालं तर आणखी एक खूण: चांगल्या रेग्युलेटरची नळी आयडलवर काढली की दाब साधारण अर्धा बार वाढतो.

रेग्युलेटर बदलल्यावर ऑइलही बदला, कारण पेट्रोल सिलेंडरमधून खाली उतरून ते पातळ झालेलं असतं. डिपस्टिकला नाक लावलं की कळतं. प्लग काळे असतील ते पुसून घ्या.

दुसरी डोकेदुखी टेम्परेचर सेन्सरची. थर्मोस्टॅटच्या आसपास दोन असू शकतात: एका वायरचा मीटरच्या काट्यासाठी, दोन वायरचा ईसीयूसाठी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी. काउंटरवर नुसतं "टेम्परेचर सेन्सर द्या" म्हणालात तर हमखास चुकीचा हातात येतो. मुंबईत ऑपेरा हाऊसला जा नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुना पार्ट सोबत न्या. ईसीयूवाल्याचा रोध 20 अंशाला दोन-अडीच किलोओहम आणि 80 अंशाला तीनशेच्या आसपास भरतो. थंड इंजिनलाच तीनशे दाखवत असेल तर तो गेलाय. थ्रॉटल बॉडीच्या बाजूला तीन वायरचा तो टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर): रेसवरचा पाय सोडल्यावर अर्धा व्होल्ट, दाबत नेला की उडी न मारता चारच्या पुढे. बारीक नळी आणि तीन वायर असलेला मॅप, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर. लॅमिंग्टन रोडवरचा साधा मल्टिमीटर या सगळ्याला पुरतो. वायरला पिन टोचू नका. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. पिन कनेक्टरच्या मागून घालायची.

आता बाहेरची गळती. ती सकाळी थंड गाडीवरच शोधा, गरम इंजिनवर पेट्रोल लगेच उडून जातं. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालतो. तसं चार-पाच वेळा करून प्रत्येक जोडाला टिश्यू लावून बघा. धुळीने माखलेल्या पाइपावर एखादाच पट्टा स्वच्छ दिसत असेल तर तिथेच पाझरतंय. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली आणि मागच्या चाकाजवळ, चिखल साचतो तिथे, आधी सडतो. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल तर टाकीवरच्या पंपाचं सील नाहीतर फिलरचा रबरी पाइप बघा.

रबरी पाइप घेताना त्यावर आर9 छापलेलं हवं, हा इंजेक्शनसाठीचा प्रकार. आर7 कार्बोरेटरसाठी चालतो; इंजेक्शनच्या दाबासाठी तो बनवलेला नसतो आणि इथेनॉलमुळे आतून लवकर खराब होतो. पेचाची जुबिली क्लिप रबर कापते, गोल कडांची नट-बोल्टवाली घ्या. इंजेक्टर काढलेत तर ओ-रिंग नवीच, ऑइलचा हात फिरवून. फिल्टरच्या बोल्टचे तांब्याचे वायसर परत वापरू नका.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. नाहीतर पेट्रोलची पिचकारी डोळ्यात! सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम करूच नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते. काम झाल्यावर दोन-चार दिवसांनी सकाळी टिश्यूची तपासणी पुन्हा करा आणि मगच पीयूसीला जा.