तुम्ही विचारलंत म्हणून: दुकान गल्लीत का?

महिन्यातून चारदा तरी हा प्रश्न येतो. गिऱ्हाईक विचारतं, लग्नाच्या पंगतीत नात्यातलं कोणीतरी विचारतं, परवा तर बँकेतल्या साहेबांनी पण विचारलं, की मॅडम हळदीचा एवढा चांगला चाललेला धंदा, मग गणपती पेठेतलं दुकान सोडून त्या पत्र्याच्या शेडमध्ये का जाऊन बसलात? मी सगळ्यांना "भाडं परवडेना हो" म्हणून वाटेला लावते. ते खोटं नाहीये, पण खरं कारण म्हणजे मार्केट यार्डातला एक हमाल.

आमचं काम छोटंच. सांगलीच्या यार्डात सौद्यातनं, म्हणजे लिलावातनं, राजापुरी जातीचं हळकुंड घ्यायचं, दळायचं, पॅक करून विकायचं. सुरुवातीला जिथं जी जागा मिळेल तिथं ते काम. म्हणजे पोती यार्डाजवळच्या भाड्याच्या गोडावनात, दळण कुपवाडला दुसऱ्याच्या गिरणीत, पॅकिंग विश्रामबागला आमच्या घरी पहिल्या मजल्यावर, कारण बायका तिथंच यायला तयार होत्या, आणि विक्री पेठेत. मला तेव्हा हे लई हुशारीचं वाटायचं, कुठंच पैसे अडकवले नाहीत म्हणून.

एकदा फेब्रुवारीत, नव्या हळदीची आवक जोरात होती, टेम्पो काय येईना, म्हणून मी आणि तात्या चहा घेत पोत्यावर बसलो होतो. तात्या म्हणजे आमच्याकडचे जुने हमाल, मला वैनी म्हणतात. त्यांनी शेजारच्या पोत्यावरच्या शाईच्या मार्क्यावर थाप मारली आणि म्हणाले, "वैनी, राग नका मानू, पर ह्यो मार्का मला तिसऱ्यांदा गावला बगा. सौद्यादिवशी मीच उतरवला, गोडावनात थप्पी मीच मारली, आता परत चढवायला बी मीच. पोतं खांद्यावर आलं की पैसं मागतंय. आमचं चांगलंच हाय म्हणा, पर तुमचं कसं हुयाचं?"

मी हसले. टेम्पो आला, विषय संपला.

रात्री मात्र झोप येईना म्हणून वही काढली. मी बी.कॉम. आहे, कॉस्टिंगच्या पेपरला चांगले मार्क होते, आणि माझ्या वहीत हमाली कुठं लिहिलेली होती तर "किरकोळ खर्च" मध्ये, चहा आणि सुतळीच्या शेजारी! उतराई वेगळी, चढाई वेगळी, थप्पीचे वेगळे, जिन्याचे तर भांडूनच ठरायचे, त्यामुळं एकत्र रक्कम कधी दिसलीच नाही. एकेक पोतं धरून मोजलं. यार्डातनं गोडावन, गोडावनातनं गिरणी, गिरणीतनं घर, घरातनं दुकान, चढ-उतार धरून माझं पोतं आठ वेळा हलत होतं. त्या वेळच्या रेटनं एका खेपेला सरासरी बारा रुपये धरले तरी पन्नास किलोच्या एका पोत्यामागं शहाण्णव, म्हणजे क्विंटलला दोनशेच्या घरात. टेम्पोभाडं तर वेगळंच. आणि मी सौद्यात क्विंटलला शंभर रुपये कमी मिळाले की दिवसभर खुशीत असायचे!

सांडलवंड तर धरलीच नव्हती. हळकुंड सांडलं तर वेचता येतं, पूड सांडली की गेली, जिन्याच्या पायऱ्या आमच्या वर्षभर पिवळ्या असायच्या आणि खालच्या काकू वर्षभर वैतागलेल्या.

मग एकदम जुन्या लोकांचं डोकं कळायला लागलं. हरिपूरची पेवं ऐकली असतील तुम्ही, जमिनीखालचे खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं टिकायची. मला लहानपणापासून ते फक्त टिकवायचं तंत्र वाटायचं. पण माल एकदा पेवात गेला की विकायचा असेल तेव्हाच वर यायचा, मधे कोणी हात लावत नव्हतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. २००५ च्या पुरात बरीच पेवं खराब झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा परत सगळ्यांना पेवांची आठवण आली, तो वेगळा विषय.

आणि शेतकऱ्याचं बघा, ओली हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, पाच किलोची जेमतेम एक किलो उरते, म्हणजे त्यानं पाचपट वजन आधीच उचललेलं असतं. त्याला हे शिकवायला जाणार कोण?

तर आम्ही गोडावन, पॅकिंग, दुकान सगळं सोडलं आणि एकच शेड घेतली. एका टोकाला पोती, मधे स्वतःचं पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, दुसऱ्या टोकाला पॅकिंग आणि काउंटर. पुढचा ओटा टेम्पोच्या फाळक्याएवढा उंच बांधला, पोतं खांद्यावर घ्यायलाच नको, सरकवत आत. लोकांना वाटतं वास्तूवाल्यानं सांगितलं असेल, एकानं तर त्या वास्तूवाल्याचा नंबर मागितला.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पहिल्या वर्षी काउंटरची विक्री निम्म्यावर आली. पेठेत येता-जाता पाव किलो घेणारी माणसं गल्लीत कशाला वळतील? त्यातली बरीचशी परत आलीच नाहीत. कायमची गिऱ्हाइकं आणि कुरिअरवर तगलो. ज्याचा माल हलका आणि महाग आहे, त्यानं माझं ऐकून मेन रोड सोडू नये, सोनं काय कोणी खांद्यावर वाहत नाही.

मला अजून खटकतं ते वेगळंच. तात्यांनी तो सल्ला स्वतःच्या पोटावर पाय देऊन दिला होता. आमच्या आठ खेपांतल्या निम्म्या त्यांच्या टोळीच्या होत्या. शेडमध्ये गेल्यावर मी हे त्यांना एकदा म्हटलं, तर ते म्हणाले, "पाठ माझी हाय का तुमची?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र सगळा हिशोब उलटा झाला. आख्खी सांगली एकमेकांना एकच विचारत होती, कृष्णेच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४५ ला धोका पातळी, ती ओलांडून पाणी चढतच होतं आणि आमची गल्ली सखल. आमच्याकडं वरचा मजलाच नाही, एका जागी सगळं ठेवायची हौस ना! शेवटी समोरच्यांच्या गच्चीवर पोती न्यायची ठरलं. तात्यांना फोन केला, ते दोन पोरं घेऊन गुडघाभर पाण्यातनं आले, रात्री दोनपर्यंत एकेक पोतं खांद्यावरनं जिना चढलं. अकरा पोती राहिली, ती गेली.

पैसे द्यायच्या वेळी मला वाटलं तात्या "राहू दे वैनी" म्हणतील. कुठलं! पुराचा वेगळा रेट लावला, वर दोन जिन्यांचे मोजून घेतले. मी पण घासाघीस केली नाही. पाणी उतरल्यावर वही वाळवली आणि ती रक्कम हमाली म्हणून वेगळ्या पानावर लिहिली.