पहिलीत आधी कुठली अक्षरं? थायलंडचं पट्टानी आणि आपलं बेळगाव

थायलंडात शाळा मेच्या मध्याला उघडतात आणि जूनमधल्या एखाद्या गुरुवारी बहुतेक शाळांत 'वाय ख्रू' होतो, म्हणजे गुरुवंदन. मुलं गुडघे टेकून शिक्षकांपुढे जे तबक ठेवतात त्यात चार गोष्टी परंपरेने असतात: दुर्वा, इक्झोऱ्याची फुलं, वांग्याची फुलं आणि लाह्या. गणपतीच्या जुड्या आणि लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे तबक परकं वाटायचं कारण नाही. तुडवली तरी पसरते म्हणून दुर्वा चिकाटीची. इक्झोऱ्याची कळी सुईसारखी टोकदार, म्हणून ती तल्लख बुद्धीची. वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, ते नम्रतेचं. लाह्या शिस्तीच्या. केळीच्या पानाच्या घड्या घालून शंकू करायचा, त्यात फुलं खोचायची, सोबत उदबत्त्या आणि मेणबत्ती. अलीकडे शहरांतल्या शाळांत या तबकांच्या सजावटीच्या स्पर्धा लागतात आणि मोठी मुलं त्यातूनच चेष्टा-विडंबनही करतात. परंपरा जिवंत असल्याचं ते लक्षण मानायला हरकत नाही.

रोज सकाळी 8 वाजता झेंडा, राष्ट्रगीत, प्रार्थना; ठरलेला गणवेश, आणि केस किती आखूड याचेसुद्धा नियम. 2020 मध्ये बँकॉक आणि इतर शहरांतली शाळकरी मुलं याच केसांच्या नियमांविरुद्ध उभी राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, यापेक्षा संस्कारी शाळा कुठे असेल! पण 2022 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत 15 वर्षांच्या थाई मुलांचे वाचनाचे सरासरी गुण 379 होते, आणि ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी 476. या घसरणीला कारणं बरीच आहेत. तरी एवढं दिसतं की वंदन, गणवेश आणि गाणी नीट झाली म्हणून वाचन आपोआप येत नाही. बेळगावकडच्या सीमाभागात आपण मराठी शाळेविषयी बोलतो तेव्हा नेमकं हेच सुटतं. लेझीम, पोवाडा, नऊवारी, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला चित्ररथ सगळं असतं. पहिलीतलं पोर डिसेंबरात काय वाचतं, हे विचारणारा पालक विरळा.

थायलंडची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. तिथे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1921 चा. शाळा गावोगाव पोचली ती एकाच भाषेतून, मध्य प्रांताच्या प्रमाण थाईतून. 1939 मध्ये सयामचं नाव थायलंड झालं आणि 1939 ते 1942 या काळात पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने बारा 'सांस्कृतिक आदेश' काढले: काय नेसावं, कसं वागावं, थाई शिकणं हे कर्तव्य कसं मानावं. चिनी शाळा बंद पडल्या. दक्षिणेकडे मलेशियाच्या सीमेला लागून पट्टानी, याला आणि नाराथिवात हे प्रांत आहेत. तिथले बहुसंख्य लोक मुसलमान आणि घरची भाषा पाताणी मलाई, म्हणजे तिथली मलय बोली. त्यांचा पेहराव आणि भाषा दोन्हींवर निर्बंध आले. लोकांनी सरकारी शाळेकडे पाठ फिरवून 'पोंडोक' या पारंपरिक धार्मिक शाळा धरून ठेवल्या. 2004 पासून तिथे जो हिंसाचार उसळला त्यात शिक्षकांचेही बळी गेले. आपल्या सीमाप्रश्नाची त्या रक्तपाताशी तुलना करू नये. वर्गातली अडचण मात्र ओळखीची आहे: घरी एक भाषा, फळ्यावर दुसरी, आणि राज्याला दुसरीचीच घाई.

साठ-सत्तर वर्षं असं चालल्यावर महिडोल विद्यापीठाच्या भाषा-संस्कृती संस्थेने तिथल्या मोजक्या शाळांत द्विभाषिक प्रयोग सुरू केला. 2016 मध्ये त्याला युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. प्रयोगाचं मर्म क्रमात आहे. बालवाडीत आधी मलाई, तीही फक्त ऐकण्या-बोलण्याची. मग मलाईतच वाचायला शिकायचं. त्याच सुमाराला थाई कानावर घालायची, पण पुस्तक उघडायचं नाही. थाई वाचन पहिलीपासून, तोवर मुलाला 'वाचणं म्हणजे काय' हे एकदा आपल्या भाषेत कळलेलं असतं. ते कळायला एकच भाषा लागते. दुसऱ्या भाषेत फक्त नवी चिन्हं शिकायची उरतात.

वर्गात रोज दोन वेगळे तास. एक अर्थाचा: मोठ्या आकाराचं गोष्टीचं पुस्तक, पानावर मोठं चित्र आणि एक-दोन वाक्यं, शिक्षक वाचतो, मुलं अंदाज बांधतात, नंतर स्वतःची गोष्ट लिहितात आणि तिथे शुद्धलेखन तपासत नाहीत. दुसरा अचूकतेचा: चित्र, त्याखाली शब्द, शब्दाचे तुकडे, तुकड्यांतून नवे शब्द. हे दोन तास एकमेकांत मिसळले की दोन्ही बिघडतात. गोष्ट लिहिताना लाल शाई आली तर मूल दोन ओळींवर थांबतं. अक्षरांच्या तासाला गोष्ट रंगली तर अक्षरं राहतात.

वाद झाला तो लिपीवरून. पाताणी मलाई परंपरेने जावी लिपीत, म्हणजे अरबी वळणाच्या अक्षरांत लिहितात. प्रयोगात ती थाई अक्षरांत लिहिली, म्हणजे पुढे थाई वाचन सोपं जावं. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने कारण ठीक. पण जावीशी लोकांचा धर्म आणि इतिहास जोडलेला, त्यामुळे हा मलाईच्या वेशात थाईकरणाचा डाव आहे, असा संशय गावात आला. वरच्या इयत्तांत जावी आणि रोमन दोन्ही लिप्या आणल्या, तरी तो पुरता फिटला नाही. मला तो संशय चुकीचा वाटत नाही. लिपी ही नुसती सोय नसते.

आता आपलं बघा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठीला लिपी शोधायची गरज नाही. कर्नाटक सरकारच मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं छापतं. घटनेचं कलम 350 अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. पट्टानीच्या पालकाला हे ऐकून हेवा वाटेल. आणि तरीही आपली पहिली इयत्ता घसरते, कारण क्रम चुकतो. जूनमध्ये एका वहीत मराठी मुळाक्षरं, दुसऱ्या वहीत कन्नडची 49 अक्षरं, तिसरीत एबीसीडी. तिन्ही गिरवायची, एकही वाचायची नाही. दिवाळीपर्यंत वह्या भरतात आणि पालक खूश होतात.

मराठी शाळेत कन्नड शिकवायला माझा विरोध नाही, उलट ती चांगली यायलाच हवी. राज्यात कन्नड शिकवणं 2015 च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि बाजारात, कचेरीत, बसमध्ये ती लागते. प्रश्न कशी आणि कधी एवढाच. पहिलीचे निदान पहिले सहा महिने कन्नड कानानेच द्यावी. रोज दहा मिनिटं, वही बंद. 'बा', 'होगु', 'कूडु', 'निल्लु', 'तोरिसु' (ये, जा, बस, उभा राहा, दाखव) असे हुकूम. शिक्षकाने आधी बोलून स्वतः करून दाखवायचं, मग मुलांबरोबर करायचं, मग नुसतं बोलायचं आणि मुलांनी करायचं, शेवटी क्रम उलटापालटा करायचा. आठवड्याला पाच-सहा शब्द पुरे. मुलांकडून बोलण्याची घाई करू नये. ऐकून बरोबर हालचाल झाली की समजलं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक शब्दाचं लगेच मराठी करून सांगणं. मूल मग मराठीचीच वाट पाहत बसतं, कन्नड ऐकतच नाही.

मराठीत काना-मात्रा-वेलांटीसह साधी वाक्यं सलग वाचता आली की कन्नड अक्षरं काढावीत. वर्णक्रम तोच, क ख ग घ, त्यामुळे अर्धं काम झालेलं असतं. (थाई मुळाक्षरांचा क्रमही मुळात हाच आहे.) अडतं ते ठरावीक जागी. कन्नडात एकार-ओकार ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे लिहितात, देवनागरीत आपण एकच लिहितो, म्हणून मराठी मुलाचं शुद्धलेखन तिथेच चुकतं. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडात पहिलं पूर्ण राहून दुसरं खाली जातं. रफार आपल्याकडे डोक्यावर, कन्नडात अक्षरानंतर. 'सूर्य' लिहून घ्या, लगेच कळेल. व आणि म, प आणि ष ही कन्नड अक्षरं दिसायला जवळची, ती एका आठवड्यात शिकवू नयेत. ही अडचणीची यादी शिक्षकाच्या टेबलावर असली तरी वर्षभराचा मनस्ताप वाचतो.

आणखी एक गाठ मराठीच्या आतलीच आहे. घरी पोर म्हणतं, 'आई काय करूलालीय?' आणि पुस्तकात 'आई काय करत आहे?'. पहिल्याच आठवड्यात 'तसं नाही म्हणायचं' असं तीनदा ऐकलेलं मूल बोलणंच बंद करतं. थायलंडच्या ईशान्येला, ईसान भागात, घरी लाओच्या वळणाची बोली आणि शाळेत प्रमाण थाई. तिथेही मुलं अशीच गप्प होत आली. पहिलं वर्ष मुलाने बेळगावी बोलीत बोलावं, त्याने सांगितलेलं वाक्य शिक्षकाने फळ्यावर जसंच्या तसं लिहावं आणि त्याला वाचू द्यावं. दुसरीत शेजारी पुस्तकी वाक्य लिहिलं तरी चालतं. बोली सांभाळून प्रमाण मराठी येते. उलट्या वाटेने बहुधा दोन्ही जातात.

कागदाचं काम कंटाळवाणं, पण शाळा टिकते ती तिथे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1949 मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी मान्य केलेलं सूत्र आहे: शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुलं त्या भाषेची असली तर प्राथमिक स्तरावर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. माध्यमिकला 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेत शेवटच्या चार वर्गांत मिळून 60 आणि प्रत्येक वर्गात 15 असा आकडा ठरला. मागणीची नोंद सत्र सुरू होण्याआधी तीन महिने करायची असते, म्हणजे आपल्याकडे मार्चच्या सुरुवातीलाच. आपण जूनमध्ये निवेदन घेऊन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जातो आणि 'मंजूर पटावर जागा नाही' ऐकून परततो. प्रवेश अर्जात मातृभाषेचा रकाना रिकामा राहू देऊ नये; घरी मराठी असून घाईत भलतीच भाषा पडली तर तो आकडा कमीच धरला जातो. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा. आवक क्रमांक आणि तारखेसह अर्जाची प्रत जवळ नसेल तर पुढे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवायला हातात काही उरत नाही. मुलाचं नाव तेव्हाच आधारशी ताडून घ्यावं. मराठी आडनाव कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि ते दहावीच्या गुणपत्रिकेवर दिसतं.

पट कमी होण्याचं कारण सगळं सरकारच्या माथी मारून भागत नाही. थायलंडात 120 किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेला छोटी शाळा म्हणतात आणि अशा शाळा देशभर हजारोंनी आहेत. जन्म कमी, लोक शहरात, मग शाळांचं विलीनीकरण. आपल्याकडे त्यात इंग्रजी माध्यमाची भर. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिक शाळेत माध्यम कुठलं हे सरकार लादू शकत नाही, निवड पालकाची. त्यामुळे पालकाला पटवण्याला पर्याय नाही, आणि भावनेपेक्षा हिशेब लवकर पटतो: दहावीला 625 पैकी 125 गुण एकट्या पहिल्या भाषेचे.

1999 च्या शिक्षण कायद्याने थायलंडात शाळांना स्थानिक अभ्यासक्रमाची मुभा मिळाली. गावातले जाणते विणकर, वादक, शेतकरी वर्गात येऊ लागले. जिथे परीक्षेचा ताण वाढला तिथे मात्र ते आठवड्यातून एकदा स्थानिक कापड घालण्यावर येऊन थांबलं. आपलं गॅदरिंग त्याच जातीचं. त्यापेक्षा चौथी-पाचवीची मुलं बेळगावातच वडगाव-शहापूरला यंत्रमागावर न्यावीत. प्रत्येकाने तीनच प्रश्न विचारायचे: या भागाला काय म्हणतात, तो काय करतो, बिघडला तर काय होतं. उत्तरं जशी ऐकू आली तशी लिहायची. विणकर बोलता बोलता मराठीतून कन्नडात आणि परत येतो, तेही तसंच लिहायचं. भाताच्या शिवारात तरव्यापासून मळणीपर्यंत हेच करता येतं. वर्गात परतल्यावर त्या शब्दांची मोठी चित्रं काढून खालच्या इयत्तेसाठी पुस्तक शिवावं. पहिलीला गोष्टीचं मोठं पुस्तक मिळतं, छपाईचा खर्च नाही.

आठवीनंतर अडचण वेगळी होते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, माध्यम इंग्रजी नाहीतर कन्नड. मराठी माध्यमातल्या हुशार मुलाला प्रकाशसंश्लेषण कळलेलं असतं, पण अकरावीच्या पहिल्या महिन्यात फोटोसिंथेसिस ऐकून ते गांगरतं आणि आईवडील म्हणतात, मराठी शाळेत घालून चुकलं. उपाय स्वस्त आहे. आठवीच्या जूनपासून विज्ञान आणि गणिताला एक वेगळी वही, पानावर तीन रकाने: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा स्पेलिंगसह, आणि एक आकृती किंवा उदाहरण. व्याख्या उतरवू नये, पाठ होते आणि विसरते. दर धड्याला साधारण दहा-बारा शब्द निघतात. नववीपासून आकृत्यांना नावं दोन्ही भाषांत द्यायची, आणि दहावीच्या सुट्टीत हीच वही मोठ्याने वाचायची, कारण अकरावीत आधी अडतं ते ऐकण्यात.