तुम्ही विचारलंत म्हणून: मोडक्या गाड्या परवडतात का?

ह्यूस्टनला गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो की कुणीतरी विचारतंच, "अहो, त्या मोडक्या जुन्या गाड्या लिलावात घेता, परवडतं का हो ते?"

गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी केली तर क्वचितच परवडतं. सुटी करून विकली तर बरेचदा परवडतं. आणि मला उभी करायलाच आवडतं, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

या गाड्या म्हणजे मसल कार: १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून पुढची आठ-नऊ वर्षं डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी साध्या दोन-दारी गाड्यांत मोठाली व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं बसवली, त्या. अशी एखादी अपघातात किंवा पुरात सापडली, दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जायला लागला, की विमा कंपनी मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि गाडी लिलावाच्या यार्डात येते. आमच्या टेक्ससमध्ये आधी गाडीच्या मालकीचा कागद बघायचा. 'सॅल्व्हेज' असेल तर दुरुस्त करून, रीतसर अर्ज भरून ती परत रस्त्यावर आणता येते. 'नॉन-रिपेअरेबल' असेल तर ती फक्त सुट्या भागांची; तुम्ही कितीही जीव ओता, रस्त्यावर चालवायचा नंबर मिळत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलो, त्यामुळे इंजिनाची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटते ती पत्र्याची. इंजिन बाहेर काढून टेबलावर मांडता येतं, पण गंज पत्र्याच्या दोन थरांमध्ये बसून खात असतो. मिशिगनकडची गाडी असली तर हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तिचा तळ चाळणी झालेला असतो. लिलावाच्या पानावरच्या फोटोत मात्र रंग झकास! म्हणून मी फोटोत रंग बघतच नाही. दाराखालची कड, मागच्या काचेचा खालचा कोपरा आणि डिक्कीतला तळ बघतो.

पुराच्या गाड्यांचं गणित उलटं आहे. २०१७ मध्ये हार्वी वादळात आमच्या शहराचा मोठा भाग पाण्यात होता. पाण्यात बुडालेल्या नव्या गाडीत वायरिंग आणि कॉम्प्युटर जातात, मग सगळंच जातं. १९६९ च्या गाडीत कॉम्प्युटर आहे कुठे? पावसाचं गोडं पाणी असेल आणि कुणी लगेच प्लग काढून, पाणी उपसून, तेल बदललं असेल तर इंजिन वाचतं. खाऱ्या पाण्यातली गाडी मात्र फुकट दिली तरी मी घेत नाही.

आता माझी फजिती. १९६९ ची शेवरोले कॅमेरो, लाल, अंगावर 'एसएस'चे, म्हणजे दमदार 'सुपर स्पोर्ट' प्रकाराचे, बिल्ले, बोनेटखाली व्ही-८. लिलावात हॅमर पडून गाडी माझी झाली तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचलो होतो. गाडी दारात आल्यावर चष्मा लावून डॅशवरची नंबरपट्टी, म्हणजे कारखान्यानं दिलेल्या ओळख-नंबराची पट्टी, वाचली. १२३ नं सुरू. त्या वर्षीच्या व्ही-८ कॅमेरोचा नंबर १२४ नं सुरू होतो. १२३ म्हणजे कारखान्यातून सहा सिलिंडरची निघालेली. बिल्ले कुणीतरी नंतर डकवलेले. नंबर लिलावाच्या पानावर छापलेलाच होता, दोष कुणाला देणार? वर यार्डातल्या फोर्कलिफ्टनं मागची चॅसी दाबलेली, ते वेगळंच. शिवाय बोलीवर लिलावाची फी, उचलून आणायचं भाडं आणि उशीर झाला तर यार्डाचं रोजचं भाडं. हे पहिल्यांदा घेणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

तीच गाडी मग सुटी केली. मला वाटलं होतं बोनेट, मडगार्ड आधी जातील. ते कुणी विचारेना, कारण ते पत्रे नवे बनवून मिळतात. हातोहात गेले ते आल्टरनेटरचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, कारखान्याच्या तारखेचा शिक्का असलेल्या काचा, आणि डब्यात भरून ठेवलेले जुने बोल्टसुद्धा. जे लोकांना कारखान्याचं मूळचंच हवं असतं, त्यालाच गिऱ्हाईक. बायको म्हणाली, "अहो, मग आधी डबाच विकायचा ना!"

शेवटी फक्त काचेखालचा पत्रा उरला, नंबरपट्टीसकट. एकाचा फोन आला, "पट्टी आणि कागद द्या, बाकीच्याशी मला काम नाही." किंमतही चांगली सांगितली. त्याला ती दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवर ठोकायची होती, हे उघड आहे; हा इथे गुन्हा आहे, केंद्रीय कायद्यानं. मी फोन ठेवला. तो पत्रा गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभा आहे, आणि त्याच्यामुळे बायकोची गाडी दोन वर्षं उन्हात लागते.