डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: घ्यावा कोणी, टाळावा कोणी

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल ठरवताना तिकिटे आणि हॉटेल यांच्या पाठोपाठ तिसरा मोठा खर्च जेवणाचा असतो, आणि तोही घरून निघण्यापूर्वीच भरून टाकण्याची सोय डिस्नेने करून ठेवली आहे. ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’ ही योजना २००५ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये महासाथीमुळे बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. खोल्या दोन होत्या आणि त्यांची आरक्षणे वेगवेगळी होती. आमच्या चौघांच्या खोलीसाठी प्लॅन घेतला आणि आईबाबांच्या खोलीसाठी मुद्दाम घेतला नाही. त्यामुळे प्लॅनवर जेवणारे आणि रोख पैसे देऊन जेवणारे असे दोन्ही प्रकारचे हिशेब एकाच सहलीत शेजारी शेजारी मांडता आले.

ही दोन खोल्यांची मांडणी सोयीसाठी नव्हती, नियमामुळे होती. प्लॅन फक्त डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांतील मुक्कामाबरोबर मिळतो, आणि एका आरक्षणात तीन वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला एकच प्लॅन घ्यावा लागतो. ‘मुलांपुरता घेऊ, मोठ्यांचे पाहू’ असे म्हणता येत नाही. आजी-आजोबा कमी जेवणारे, शाकाहारी किंवा पथ्याचे असतील आणि खोली तशीही वेगळी घ्यावी लागणार असेल, तर ते आरक्षण स्वतंत्र ठेवणे हा या योजनेतला सर्वांत उपयोगी निर्णय ठरू शकतो. तीन वर्षांखालील मुलाला प्लॅन लागत नाही. ते आईवडिलांच्या ताटातले खाते, आणि बुफेमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत.

प्लॅनचे दोन प्रकार आहेत. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक स्नॅक मिळतो. मोठ्या प्लॅनमध्ये काउंटरवरचे एक जेवण, टेबलावर वाढले जाणारे एक जेवण आणि एक स्नॅक मिळतो. दोन्हींत हॉटेलवर पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा एक मग असतो. ही जेवणे ‘क्रेडिट’च्या रूपात मोजली जातात. सगळी क्रेडिट चेक-इनच्या वेळी एकदम खात्यात जमा होतात, कोणत्याही दिवशी कितीही वापरता येतात आणि चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतात. हिशेब रात्रींचा असतो, दिवसांचा नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. चार रात्रींच्या मुक्कामात पाच दिवस येतात, पण क्रेडिट चारच दिवसांची मिळतात. पोहोचण्याच्या दिवशी विमान रात्री उतरणार असेल तर हे सोयीचे पडते. सकाळी उतरणार असाल तर एका दिवसाचे जेवण खिशातून होणार, हे धरूनच चालावे.

२०२४ मध्ये योजना परतली तेव्हा क्विक सर्व्हिस प्लॅनचा दर मोठ्यांसाठी प्रतिरात्र ५७.०१ डॉलर आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी २३.८३ डॉलर होता, तर मोठ्या प्लॅनचा दर अनुक्रमे ९४.२८ आणि २९.६९ डॉलर होता. दर वर्षागणिक बदलतात, त्यामुळे आरक्षण करताना चालू दर पाहावेच लागतात. पण या चार आकड्यांकडे एकदा नीट पाहिले तर योजनेचा कल कुणाकडे आहे ते कळते. मोठ्या प्लॅनमध्ये मुलाचा दर मोठ्याच्या दराच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. रेस्टॉरंटमधल्या किमतींत मात्र एवढा फरक नेहमी नसतो, विशेषतः जिथे मिकी किंवा पूह ही डिस्नेची पात्रे टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात त्या बुफेमध्ये.

उदाहरण शेफ मिकीजचे घेतो. कंटेम्पररी हॉटेलातल्या या बुफेत, मोनोरेल डोक्यावरून जात असताना, मिकी आणि मंडळी टेबलाटेबलावर फिरतात. तिथे रात्रीच्या जेवणाचा दर मोठ्यांना साठ डॉलरच्या वर आणि मुलांना चाळीसच्या आसपास होता. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचे ते एकच जेवण त्याच्या पूर्ण दिवसाच्या प्लॅनपेक्षा महाग. उरलेले काउंटरवरचे जेवण आणि आइस्क्रीम त्याला फुकटच पडले म्हणावे लागेल. मोठ्यांचे गणित इतके उदार नाही. बुफेचे पासष्ट-सत्तर, काउंटरवरच्या जेवणाचे वीस आणि स्नॅकचे सहा-सात धरले, तर बेरीज ९४ च्या जवळपास जाऊन थांबते. हे महागडे टेबल निवडल्यावरचे चित्र आहे. साध्या टेबल सर्व्हिस रेस्टॉरंटमध्ये मुख्य पदार्थ, गोड आणि सरबत मिळून पंचेचाळीस-पन्नास डॉलर होतात, आणि मग मोठा माणूस रोज वीसेक डॉलर डिस्नेला जास्तीचे देऊन येतो.

या योजनेत खरी कोंडी होते ती दहा वर्षांवरच्या मुलांची. दहा वर्षे पूर्ण होताच मूल हिशेबात मोठे होते आणि पूर्ण दर भरावा लागतो. मोठ्यांच्या प्रत्येक जेवणात एक पेय असते आणि एकवीस वर्षांवरील व्यक्ती त्यात बिअर, वाइन किंवा कॉकटेल घेऊ शकते. पार्कमध्ये एका कॉकटेलला पंधरा डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात, म्हणून जे दोन्ही जेवणांबरोबर मद्य घेतात त्यांना प्लॅन फायद्याचा ठरू शकतो. मोठ्यांचा दर याच गृहीतावर ठरवला असावा, असे माझे मत आहे. आमची मुलगी प्रौढांचा दर भरून लिंबाचे सरबत पीत होती. मद्य न घेणारे प्रौढ आणि दहा ते वीस वयाची मुले अशांचेच कुटुंब असेल, तर प्लॅनचा विचार पहिल्याच पायरीवर सोडून द्यायला हरकत नाही. आमच्या घरी मुलाचा फायदा मोठा आणि मुलीचा तोटा त्याहून थोडा कमी, असा तोल साधणार हे आधीच मांडून पाहिले होते, आणि आम्ही टेबलाची बहुतेक क्रेडिट पात्रे भेटतात अशाच बुफेमध्ये वापरणार होतो, म्हणून घेतला. यातली एकही गोष्ट नसती तर घेतला नसता.

क्विक सर्व्हिस प्लॅनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरचा मुख्य पदार्थ साधारण बारा ते सोळा डॉलरला आणि शीतपेय पाचच्या आसपास मिळत होते. दोन जेवणे, एक स्नॅक आणि बाविसेक डॉलरच्या मगाचा एका दिवसाचा वाटा धरूनही मद्य न घेणाऱ्या प्रौढाची बेरीज सत्तावन्नला टेकत नव्हती. त्यातही थंड पाणी बहुतेक काउंटरांवर मागितले की पेल्यात फुकट मिळते, आणि ऑरलँडोच्या उन्हात बहुतेकांना हवे असते ते तेच.

प्लॅनमध्ये काय येत नाही, याची यादी त्यात काय येते याच्या यादीपेक्षा जास्त काळजीने वाचावी. टेबलावरच्या जेवणाची टिप सहसा प्लॅनमध्ये नसते. अठरा ते वीस टक्के ही तिथली रीत आहे आणि सहा किंवा अधिक जणांच्या टेबलाच्या बिलात अठरा टक्के आपोआप धरले जातात. शेफ मिकीजसारख्या ठिकाणी चौघांच्या टिपेचे चाळीस-एक डॉलर होतात, आणि ‘सगळे भरलेले आहे’ या समजुतीने गेलेल्या माणसाला ते फारच टोचतात. टेबलाच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय येते, पण सुरुवातीचे पदार्थ येत नाहीत. काउंटरच्या जेवणात गोडही येत नाही. काही ठिकाणी एका जेवणाला टेबलाची दोन क्रेडिट जातात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातले सिंड्रेलाज रॉयल टेबल, कॅलिफोर्निया ग्रिल आणि हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यू हा गाण्यांचा कार्यक्रम ही त्यांपैकी काही. किल्ल्यात जेवण्याचा हट्ट असेल तर जरूर जावे, फक्त ती दोन दिवसांची टेबलावरची जेवणे आहेत, हे मनाशी धरून जावे. मोठ्यांचे पैसे तिथे क्वचितच सुटतात. प्रत्येक रेस्टॉरंट प्लॅन स्वीकारतेच असेही नाही, त्यामुळे माय डिस्ने एक्सपीरियन्स या अॅपमध्ये ते आधी तपासून घ्यावे.

आता आईबाबांविषयी. दोघेही शाकाहारी आहेत आणि एका बैठकीला थोडेच जेवतात. डिस्नेच्या मेन्यूमध्ये वनस्पतिजन्य पदार्थांपुढे पानाचे चिन्ह असते. अॅनिमल किंगडम या पार्कमधल्या सातुली कँटीनमध्ये टोफूचा बोल मिळतो, आणि टेबलावर बसल्यावर पथ्य सांगितले तर शेफ स्वतः येऊन विचारपूस करतात. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. पण प्लॅनचा दर मांसाहारी थाळीवर बेतलेला असतो आणि तीनशे ग्रॅमचा स्टेक घेणाऱ्याचे आणि भाज्यांचा पास्ता घेणाऱ्याचे क्रेडिट सारखेच कापले जाते. सर्वांत चांगला पडताळा सनामध्ये आला. अॅनिमल किंगडम लॉजमधल्या या रेस्टॉरंटच्या खिडक्यांबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात आणि जेवणात आफ्रिकन व भारतीय चवींचे मिश्रण असते. तिथल्या नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचे ताट सुरुवातीच्या पदार्थांत मोडते. आईबाबांनी ते एकच ताट दोघांत घेतले आणि तृप्त झाले. आम्ही प्लॅनवाले मात्र हक्काचे गोड सोडवेना म्हणून भूक नसताना चमचे चालवत बसलो होतो. एका टेबलावर प्लॅनचे आणि रोखीचे बिल वेगळे करून द्या, असे सुरुवातीलाच सांगितले की काही अडचण येत नाही. शेफ मिकीजला आईबाबा आलेच नाहीत. साठ डॉलर भरून भात आणि सॅलड खाण्यापेक्षा त्यांनी खोलीवर विश्रांती घेतली, आणि ते योग्यच होते.

पैशांइतकाच वेळेचाही विचार करावा लागतो. टेबलावरच्या जेवणाला तास-दीड तास सहज जातो. उन्हाळ्यात दुपारी ऊन असह्य होते आणि बहुधा गडगडाटी पाऊसही येतो, तेव्हा हा तास वातानुकूलित जागेत गेला तर उत्तमच. त्यामुळे शक्य तेथे आम्ही टेबल दुपारचे घेतले आणि रात्री काउंटरवर भागवले. मात्र मोठा प्लॅन घेतला की रोज कुठेतरी ठरल्या वेळी पोहोचण्याचे बंधन पडते. टेबलांची आरक्षणे साठ दिवस आधी उघडतात, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्या एकाच दिवशी दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाची सगळी आरक्षणे करता येतात, आणि मागणी असलेली ठिकाणे लवकर भरतात. प्लॅनचे पैसे भरून आरक्षणे न करणे म्हणजे क्रेडिट हाती असून बसायला जागा नसणे. आधी कोणत्या ठिकाणी जेवायचे त्याची यादी करावी, तिच्या किमती डिस्नेच्या संकेतस्थळावरील मेन्यूंतून उतरवाव्यात, त्यांवर पार्कच्या परिसरात लागणारा साडेसहा टक्के विक्रीकर मिळवावा आणि मगच प्लॅनशी तुलना करावी. उलट क्रमाने गेल्यास माणूस प्लॅन वसूल करण्यासाठी ठिकाणे शोधू लागतो. ठरलेल्या आरक्षणाला जाणे जमणार नसेल तर दोन तास आधी रद्द करावे. नाहीतर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापले जातात.

पर्याय कोणता, हेही पाहिले पाहिजे. पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात. काचेच्या वस्तू, मद्य आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. सकाळी खोलीवर दूध-सीरियल, पिशवीत फळे आणि बिस्किटे, दुपारी काउंटरवर एक जेवण, अशा बेताने राहणाऱ्या कुटुंबाचा खर्च कोणत्याही प्लॅनच्या खाली राहतो. कधी कधी डिस्ने प्लॅन मोफत देऊ करते. तेव्हा तो बहुधा खोलीच्या सवलतीऐवजी असतो, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. त्यामुळे ‘मोफत’ची खरी किंमत म्हणजे सोडून दिलेली खोलीची सवलत. दोन लहान मुलांच्या कुटुंबाने ही ऑफर गांभीर्याने पाहावी, पण महागड्या हॉटेलात राहणाऱ्या जोडप्याला बहुधा खोलीची सवलतच जास्त देऊन जाते.

प्लॅनच्या बाजूने एक गोष्ट मात्र आकड्यांत मावत नाही. जेवताना मेन्यूच्या उजव्या बाजूकडे पाहावे लागत नाही, आणि मुलगा दुसरे काही मागेल का या धास्तीने बसावे लागत नाही. आमच्या घरी या निश्चिंतीला मोल होते, तुमच्या घरी असेलच असे नाही.

शेवटी स्नॅकची क्रेडिट. ती सर्वांत दुर्लक्षित राहतात आणि शेवटच्या दिवशी लोक ढिगाने पॉपकॉर्न घेताना दिसतात. पाण्याच्या बाटलीवर ती घालवू नयेत. एपकॉट या पार्कमध्ये खाद्यमहोत्सव सुरू असेल तर तिथल्या वर्ल्ड शोकेस या भागातील अकरा देशांच्या मंडपांभोवती उभ्या राहणाऱ्या स्टॉलवरचे अनेक छोटे पदार्थ, मेन्यूवर स्नॅकचे चिन्ह असल्यास, एका क्रेडिटला मिळतात. त्यांच्या किमती आइस्क्रीमपेक्षा जास्त असतात, आणि चौघांची सात-आठ क्रेडिट साठवून गेले तर त्यातच एक वेळचे जेवण निघते. किती उरली ते प्रत्येक पावतीच्या तळाशी छापलेले असते.